चाळीस मिलिसेकंदांची फट

तिचे वडील लिफ्टचे मेकॅनिक होते. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, पण पाऊल आधी आत टाकून, जमीन आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय ते एकाही लिफ्टमध्ये चढले नाहीत. लहानपणी ती त्यांचं बोट धरून उभी असायची, मागे लोक खोळंबलेले असायचे आणि बाबा शांतपणे बुटाच्या टाचेने लिफ्टची जमीन ठोकून बघत असायचे. "अहो, तुम्हीच केलीय ना ही दुरुस्त?" कुणीतरी म्हणायचं. "म्हणूनच बघतोय," बाबा म्हणायचे.

मुलीने तो स्वभाव जसाच्या तसा उचलला. लग्नानंतर नवरा म्हणायचा, की माणसं ताक फुंकून पितात, ही पाणीसुद्धा फुंकून पिते. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याच्या कामात केसाएवढी चूकही गिऱ्हाइकाच्या हिरडीला लगेच कळते, त्यामुळे बायकोचा काटेकोरपणा त्याला फारसा जड गेला नाही.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती ज्या कंपनीत होती, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात घालायचं मदतीचं बटण बनत असे. सगळे त्याला लॉकेट म्हणत. माणूस घरात एकटा आहे, पडला, छातीत दुखलं, की लॉकेट दाबायचं. घरात ठेवलेल्या यंत्राच्या डब्याला निरोप जातो, डब्याकडून मदत केंद्राला आणि तिथून माणूस निघतो. लॉकेटच्या पोटात एक छोटासा संगणकच असतो. त्या संगणकाच्या अगदी गाभ्यातल्या सॉफ्टवेअरला कर्नेल म्हणतात आणि बटण, दिवा, रेडिओ अशा एकेका भागाशी बोलणारा कर्नेलचा जो तुकडा असतो, त्याला ड्रायव्हर. कुणीही या कोडमध्ये बदल केला की तो आधी तिच्यासमोर यायचा. ती ओळ न् ओळ वाचायची, आणि तिने सही केल्याशिवाय तो बदल आत जात नसे. नातेवाइकांना हे कधीच नीट कळलं नाही. तिची नणंद सगळ्यांना सांगायची, "वहिनी ड्रायव्हर तपासते." एकदा शेजाऱ्यांनी विचारलंही, एखादा चांगला, न पिणारा असेल तर सांगा म्हणून.

ऑफिसात तिचं नाव पडलं होतं चाळणीबाई. तोंडावर सगळे मॅडम म्हणत.

लॉकेटची खरी अडचण होती झोपेची. ते सतत जागं राहिलं तर बॅटरी चार दिवसांत संपेल. म्हणून ते जवळजवळ सगळा वेळ झोपलेलं असतं. दर तीस सेकंदांनी क्षणभर उठतं, डब्याला "मी आहे" म्हणतं आणि पुन्हा झोपतं. मधेच कुणी बटण दाबलं तर मात्र त्याने ताडकन उठायला हवं. झोपवायचं कसं आणि उठवायचं कसं, हा सगळा कारभार ज्या कोडमध्ये होता, तो गेली सहा वर्षं तिच्या डोळ्यांखालून जात होता.

एका मंगळवारी सकाळी त्या कोडमध्ये एक बदल आला. जेमतेम अकरा ओळी. पाठवणारा होता हळूराव. हेही टोपणनावच. तो दीड वर्षापूर्वी आलेला, पस्तिशीचा, इतका हळू बोलणारा की मीटिंगमध्ये लोक त्याच्याकडे कान करून बसत, आणि पुष्कळदा तेही नाही. बदलाच्या वर त्याने एकच वाक्य लिहिलं होतं: "अनावश्यक जागं होणं कमी केलं, बॅटरी पाच महिन्यांवरून चौदा महिन्यांवर."

ऑफिसात आनंदाला उधाण आलं. मॅनेजरने काचेच्या भिंतीवर हिरव्या पेनाने मोठ्ठा चौदाचा आकडा लिहिला. "मॅडम, आज सही होईल ना?" जाता जाता तो म्हणाला.

"वाचते," ती म्हणाली.

पण मनात शंकेची पाल चुकचुकलीच. पाचाचे सहा होतात, सात होतात. एका अकरा ओळींच्या बदलाने पाचाचे चौदा होत असतील, तर इतकी वर्षं आपण सगळे काय डोळे मिटून बसलो होतो का? आणि एवढं मोठं काम करणारा माणूस त्याबद्दल एक ओळ लिहून गप्प कसा बसतो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने वाचायला घेतलं. ओळी साध्या होत्या. लॉकेट झोपायला निघालं, की बटणाचं नेहमीचं ऐकणं बंद होतं. मग झोपेतून उठवण्याची वेगळी सोय चालू होते. ती चालू झाल्यावर हळूरावने एक नवी ओळ घातली होती: चिपमध्ये "बटण दाबलं गेलं" अशी जी नोंद पडलेली असेल, ती पुसून टाका. मग झोपा.

पुसायची कशाला? तिने पडद्यावरच्या समासात प्रश्न लिहिला: "ही नोंद पुसण्याचं कारण?"

तासाभराने उत्तर आलं: "गरज होती."

तिने ते दोन शब्द तीनदा वाचले. मग ड्रॉवरमधली वही काढली आणि वर तारीख घातली.

तिचा हा संशय नुसताच वडिलांकडून आलेला नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी ती कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथे एक मित्र होता, गोड बोलणारा, सगळ्यांचा लाडका. त्याने दाराच्या कुलपाचा प्रोग्रॅम बदलला आणि म्हणाला, "अगं, मी बघितलंय सगळं, तू सही कर." तिने सही केली. दोन महिन्यांनी एका घरात ड्रम फिरत असतानाच दार उघडलं आणि एका बाईचा हात मनगटापाशी मोडला. मित्राला ते आधीपासून माहीत होतं. चाचणीत दोनदा दार उघडलं होतं, त्याने ते दोन्ही कागद फाडले होते. त्या दिवसापासून कुणी "मी बघितलंय" म्हटलं, की ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायची. आणि कुणी काहीच म्हटलं नाही, तर दोनदा.

बुधवारी तिने चाचणीचे कागद मागवले. कंपनीत एक लोखंडी बोट होतं. छोट्या चौकटीत बसवलेलं, ठरलेल्या वेळेला लॉकेटचं बटण दाबणारं. हळूरावने त्या बोटाने चार हजार वेळा बटण दाबून बघितलं होतं. चार हजारपैकी चार हजार वेळा लॉकेट उठलं होतं. एकही चूक नाही.

"झालं ना समाधान?" मॅनेजर म्हणाला.

"एकही चूक नाही, हेच मला पटत नाहीये."

"मॅडम, चुका असल्या तरी तुम्हाला चालत नाहीत, नसल्या तरी चालत नाहीत. माणसाने करायचं काय?"

आसपासचे हसले. हळूराव आपल्या टेबलाशी पाठमोरा बसला होता. तो हसला नाही, वळलाही नाही. तिने तेही मनात टिपून ठेवलं.

मग तिने असं काही केलं, जे तिला पुढे सांगताना अवघड वाटायचं. हळूरावने दीड वर्षात लिहिलेला सगळा कोड तिने उघडला आणि चोराच्या पावलांचे ठसे शोधावेत तसा वाचायला लागली. कुठल्या दिवशी काय पाठवलं, कुठे कमी लिहिलं, कुणी प्रश्न विचारल्यावर किती वेळाने उत्तर दिलं. दोन दिवस. वहीची बारा पानं भरली. चूक म्हणावी अशी एकही सापडली नाही, पण संशयी माणसाला सुतावरून स्वर्ग गाठायला किती वेळ लागतो? एका ठिकाणी त्याने स्वतःचीच चूक दोन दिवसांत गुपचूप सुधारली होती. "गुपचूप" हा शब्द तिने दोनदा अधोरेखित केला.

घरी जेवताना नवरा म्हणाला, "कोडबद्दल बोलतेयस की त्या माणसाबद्दल?"

"दोन्ही एकच."

"माझ्याकडे कवळी परत येते तेव्हा मी कवळी बघतो. गिऱ्हाइकाचं तोंड वाईट आहे असं म्हणत नाही."

"तुझं गिऱ्हाईक कागद फाडत नाही," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

शुक्रवारी दुपारी ती लोखंडी बोटासमोर खुर्ची घेऊन बसली. नुसती बघत. बोट खाली यायचं, टक्, वर जायचं. लॉकेटचा दिवा लागायचा. मग एक मिनिट शांतता. पुन्हा टक्. पुन्हा एक मिनिट. ती घड्याळ लावून बसली होती. बरोबर साठ सेकंद, ना एक कमी, ना एक जास्त.

लॉकेट दर तीस सेकंदांनी उठतं. बोट दर साठ सेकंदांनी दाबतं. म्हणजे दर वेळी ते लॉकेटच्या झोपेच्या एकाच ठिकाणी पडतंय, ऐन मध्यावर, गाढ झोपेत. झोपायला निघालेल्या लॉकेटवर ते चार हजारांत एकदाही पडलेलं नाही. पडणारच नाही. माणसं काय घड्याळ लावून घसरतात?

तिने बोटाचा हिशोब बदलला. कधी सात सेकंदांनी दाब, कधी एक्क्याण्णव, कधी तेवीस, मनाला येईल तसं. चौकट चालू ठेवली आणि घरी गेली. सोमवारी सकाळी कोट न काढताच ती थेट चौकटीकडे गेली. चार हजार वेळा दाबलं होतं. पाच वेळा लॉकेट उठलंच नव्हतं.

पाच.

आता तिला ती फट दिसली. नेहमीचं ऐकणं बंद होतं आणि उठवण्याची सोय चालू होऊन नोंद पुसली जाते, या दोहोंमध्ये चाळीस मिलिसेकंद जातात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. पण नेमकं तेवढ्यात कुणी बटण दाबलं, तर चिप त्याची नोंद करते आणि पुढच्याच क्षणी नवी ओळ ती नोंद पुसते. लॉकेट निवांत झोपी जातं. दाबणाऱ्याला वाटतं, निरोप गेला. जुन्या कोडमध्ये ती नोंद राहायची आणि लॉकेट लगेच उठायचं.

कोडबद्दलचा तिचा संशय खरा ठरला होता. तिथेच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण हात शिवशिवत होते. सगळ्यांना दिसेल अशा समासात तिने फटीचं वर्णन केलं, पाच चुका मांडल्या आणि शेवटी लिहिलं: "चाचणीची वेळ अशी निवडलेली दिसते, की हा दोष कधीच दिसू नये."

दहा मिनिटांत सगळ्या ऑफिसने ते वाचलं. हळूराव उठून बाहेर गेला. दुपारपर्यंत आलाच नाही. तिला वाटलं, पळाला.

तो आला दोन वाजता. थेट तिच्या टेबलापाशी. लॅपटॉप उघडा करून तिच्यासमोर ठेवला.

"वाचा," तो म्हणाला. नेहमीइतकंच हळू.

बदलाच्या वर लिहायची टीप होती ती. एक वाक्य नव्हतं, दोन पानं होती. त्यात सगळं होतं. उठवण्याची सोय चालू केली की ही चिप स्वतःच एक खोटी नोंद करते. त्यामुळे लॉकेट झोपता झोपता दर वेळी चार-पाचदा उगाच उठतं. सगळी बॅटरी त्यातच जाते. चिप बनवणाऱ्यांच्या कागदातच नोंद पुसा असं म्हटलंय. आणि शेवटी: "मात्र पुसताना एखादी खरी नोंदही जाऊ शकेल का, याची मला खात्री नाही. मॅडमनी ही ओळ विशेष बघावी."

तिने ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं.

"मग हे पाठवलं का नाहीस?"

"पाठवणारच होतो. मॅनेजर म्हणाले, कुणी वाचत नाही एवढं, एका ओळीत आणा. त्यांनीच ती ओळ लिहून दिली."

"मी कारण विचारलं तेव्हा?"

"ते शेजारी उभे होते. म्हणाले, थोडक्यात लिही." तो म्हणाला. "तेव्हा ऐकायला नको होतं. ती चूक माझी आहे."

"आणि ते साठ सेकंद?"

हळूरावने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. त्याने दुसरी खिडकी उघडली. लोखंडी बोट चालवणाऱ्या फाइलीचा इतिहास होता तो. कुणी केव्हा काय बदललं. साठ हा आकडा अडीच वर्षांपूर्वी घातला होता, हळूराव कंपनीत यायच्याही आधी. पुढे नाव तिचं होतं.

तिला आठवलं. पहिल्यांदा चौकट बसवली तेव्हा सहज घातलेला आकडा. नंतर बदलू म्हणून. तिची स्वतःची फाइल कधी कुणी तपासली नव्हती. चाळणीबाईची फाइल तपासायची कुणाला गरज वाटली असती?

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्यासारखं झालं. हळूराव लॅपटॉप मिटून उभा राहिला.

"तुम्ही माझा दीड वर्षाचा कोड उघडून बघितलात," तो म्हणाला. "कुणी काय उघडलं ते मशीनवर दिसतं मॅडम. मला वाटलं, शिकायला काही मिळेल म्हणून बघत असाल. मला बरं वाटलं होतं."

तो आपल्या जागेवर गेला.

तिने खुर्ची पुढे ओढली. मग ज्या समासात आरोप लिहिला होता, त्याच समासात, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. चाचणीची वेळ मी निवडली होती, माझ्याच फाइलीत. या बदलाच्या लेखकाने मूळ टिपेत हीच शंका मांडली होती. मी त्याची माफी मागते." मग उठून त्याच्या टेबलाशी गेली आणि तोंडानेही माफी मागितली. त्याने मान हलवली. ती "ठीक आहे" अशी होती की "कळलं" अशी, ते तिला समजलं नाही.

वहीची बारा पानं तिने फाडली नाहीत. कागद फाडणं तिला जमलंच नसतं. तिने ती वही तशीच ड्रॉवरच्या तळाशी ठेवली.

पण पाणी अजून मुरतच होतं. आणि या वेळी ते दुसरीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती काचेच्या भिंतीसमोर उभी होती. हिरवा चौदा अजून तिथे होता. खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं, ते तिने आठवडाभर वाचलंच नव्हतं. चष्मा पुढे ओढून तिने वाचलं: "प्रत्यक्ष घरातील वापरावरून अंदाज."

घरातील? सही झालेली नाही. बदल आत गेलेला नाही. मग कुठल्या घरातला वापर?

ती हळूरावच्या टेबलाशी गेली. त्याला वाचायला सांगितलं. तो उठून काचेपाशी गेला, वाचलं, परत आला.

"मी फक्त इथल्या वीस लॉकेटांत घातलं होतं," तो म्हणाला. "घरात नाही."

दोघांनी मिळून मदत केंद्राची यादी उघडली. कुठल्या लॉकेटमध्ये कुठला कोड चालतोय ते तिथे दिसत असे. साठ लॉकेटांत अकरा दिवसांपासून नवा कोड होता, म्हणजे बदल तिच्यासमोर यायच्याही आधीपासून. सगळी चाचणीसाठी स्वेच्छेने आलेल्यांच्या घरात, त्यातली निम्मी कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांकडे. तिने यादी खाली ओढली. एकेचाळिसाव्या ओळीत तिच्या बाबांचा नंबर होता.

मॅनेजर आपल्या खोलीत फोनवर होता. दोघं दार न वाजवता आत गेले. त्याने फोन ठेवला.

"साठ घरांत कोड पाठवला तुम्ही?" तिने विचारलं.

"चाचणी आहे ती. साठच तर घरं आहेत."

"सही नव्हती."

"सही येणारच होती. तुम्ही एक आठवडा लावता, म्हणून सगळ्यांनी हातावर हात धरून बसायचं का? आणि आठशेत एकदा चुकतं, तुम्हीच लिहिलंय. साठ लोक. किती वेळा दाबणार आहेत?"

"ते एकदाच दाबतात," ती म्हणाली. "म्हणून तर घातलंय गळ्यात."

"हे बघा, मी वरती चौदा महिने सांगून बसलोय. आज मागे घेतलं तर—"

"मागे घ्या," हळूराव म्हणाला.

दोघांनीही त्याच्याकडे बघितलं. तो पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला होता.

"आत्ता मागे घ्या. नाहीतर तो बदल मीच काढतो आणि का काढला ते दोन पानं लिहितो. एका ओळीत नाही."

अर्ध्या तासात साठही लॉकेटांवर जुना कोड परत गेला. रेडिओवरूनच जातो तो, कुणाच्या घरी जावं लागत नाही. पण ती तेवढ्यावर थांबणारी नव्हती. गेल्या अकरा दिवसांत कुणी दाबलं आणि गेलं नाही, हे कुठल्याच यादीत दिसणार नव्हतं. पुसलेली नोंद दिसत नाही. ते विचारूनच कळणार होतं. तिने तीस नंबर घेतले, हळूरावने तीस.

बाबांना तिने पहिला फोन लावला. सगळं सांगितलं.

"माझ्या गळ्यात," बाबा म्हणाले, "न तपासलेलं?"

"हो बाबा."

"तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"माहीत नसणं हे काही कारण नाही गं. कोण चढलंय ते मेकॅनिकला माहीत पाहिजे." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "मी नाही दाबलं. मी ठीक आहे. पुढचा फोन लाव."

एकोणतीस जणांनी दाबलंच नव्हतं, किंवा दाबलं आणि माणूस आला होता. हळूरावच्या तीस जणांत कुणाचं काही अडलं नव्हतं. तिच्या यादीत एक आजी राहिल्या होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. फोन बराच वेळ वाजला.

"दाबलं होतं की," आजी म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी. स्वयंपाकघरात पाय सरकला. बसले खाली. दाबलं आणि वाट बघत बसले."

"किती वेळ, आजी?"

"पाऊण तास झाला असेल. मग टेबलाचा पाय धरून उठले हळूहळू. ढोपर सुजलंय, बाकी काही नाही."

"परत का नाही दाबलंत?"

"अगं, एकदा दाबलं ना. उगाच सारखं सारखं दाबून त्या लोकांना त्रास कशाला द्यायचा? मला वाटलं, माझंच नीट दाबलं गेलं नसेल. बोटांत आता जोर राहिला नाही पूर्वीसारखा."

"तुमचं बरोबर दाबलं गेलं होतं, आजी," ती म्हणाली. "आमचं चुकलं. तुमच्या बोटांचं काही चुकलं नाही."

"असं होय," आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकं हायसं वाटलेलं होतं, की तिला ते सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ती आणि हळूराव आजींच्या घरी गेले. ढोपर डॉक्टरला दाखवलं. मग आजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी आजींना लॉकेट पंचवीस वेळा दाबायला लावलं आणि बोट बटणावर किती वेळ टेकतं ते मोजलं. आजींना वाटलं, परीक्षाच घेतायत. सगळ्यात कमी वेळ भरला नव्वद मिलिसेकंद. हे मोजमाप पुढे उपयोगी पडलं. नवा बदल दोघांनी मिळून लिहिला: झोपायला निघताना आधी बघायचं, नोंद पडलीय का. पडली असेल तर झोपायचंच नाही. नसेल तर उठवण्याची सोय चालू करायची, चिपची खोटी नोंद पुसायची आणि मग खुद्द बटणाकडे बघायचं, त्यावर कुणाचं बोट आहे का. बोट नव्वद टेकतं आणि फट चाळीसची आहे, म्हणजे फटीत पडलेलं बोट शेवटच्या नजरेत सापडणारच. लोखंडी बोटाने वेळ बदलून बदलून एक लाख वेळा दाबलं. एक लाख वेळा लॉकेट उठलं. तिने तरी आणखी एक लाख करायला लावलं.

बॅटरी चौदा नाही, साडेबारा महिने चालली. मॅनेजरला वरच्यांसमोर उत्तर द्यावं लागलं आणि महिन्याभरात तो दुसऱ्या विभागात गेला, जिथे गळ्यात घालायचं काही बनत नव्हतं. जाताना तो तिला म्हणाला, "तुमच्यामुळे." तिने ते खोडून काढलं नाही.

कंपनीत एक नियम झाला: तपासणाऱ्याच्या फाइलीही दुसऱ्या कुणीतरी तपासायच्या. तिच्या फाइली तपासायला तिने हळूरावचं नाव सुचवलं. त्याने पहिल्याच आठवड्यात सतरा शंका काढल्या. त्यातल्या चौदा तिला तिथल्या तिथे पटल्या. उरलेल्या तिनांवर ती दोन दिवस भांडली आणि त्यातली एक हरली.

तिचा स्वभाव काही बदलला नाही. एखादा बदल फार छान दिसला, की पाल अजून चुकचुकते. फक्त आता ती समासात लिहायच्या आधी उठून त्या माणसाच्या टेबलाशी जाते आणि विचारते, "यात टिपेतलं काही कापलंय का कुणी?"

हळूराव मात्र कितीतरी महिने तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. एकदा दुपारी चहाच्या मशीनपाशी दोघंच होते, तेव्हा तिने न राहवून विचारलं, "गेला का रे राग?"

त्याने कप भरेपर्यंत विचार केला.

"अर्धा," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि दोघं आपापले कप घेऊन कामाला गेले.